गहाण पडलेलं पदक

बँकेत असताना काही वर्षं सोनेतारण कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. सराफ कस लावून शुद्धता सांगे, वजन होई, रक्कम ठरे. दागिन्यात अडकलेल्या जिवासाठी फॉर्मवर रकाना नसे. म्हणूनच असेल, ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये अलाहाबादहून मुंबईत आलेला राज आपलं प्रामाणिकपणाचं पदक गहाण टाकतो, तेव्हा सगळे हसतात आणि मला हसवत नाही.

ही कथा लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास १९१४ साली पानिपतला जन्मले. कवी हालींचे ते पणतू. अलीगढला कायदा शिकले आणि मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार झाले. तिथलं त्यांचं ‘लास्ट पेज’ हे सदर पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये गेलं आणि १९८७ साली त्यांचं निधन होईपर्यंत चाललं. १९४६ साली ‘इप्टा’च्या कलावंतांना घेऊन त्यांनी बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ काढला.

अशा माणसानं राज कपूरसाठी ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ लिहिले. दोन्हींत व्ही. पी. साठे जोडीला होते. एकीकडे शाळामास्तरीण विद्या आणि केळी विकणारी गंगामाई, म्हणजे आपल्या ललिता पवार. दुसरीकडे माया आणि सेठ सोनाचंद धर्मानंद. शंभर रुपयांत घर, ही सेठची योजना! चित्रपटात ती गंमत वाटते. पण पैसे भरणारा लोभी नसतो हो, त्याला डोक्यावर छप्पर हवं असतं.

अब्बास दुसऱ्यांसाठी लिहून मिळवत आणि स्वतःच्या चित्रपटांत घालवत. लोक गाण्यांसाठी तिकीट काढत त्या काळात, १९५४ साली, त्यांनी एकही गाणं नसलेला ‘मुन्ना’ काढला. या हट्टाबद्दल मला आदर आहे. तरी पुन्हा बघावासा वाटतो तो ‘श्री ४२०’च. त्यात पैशाचा मोह खरा वाटतो. राज घसरतो तेव्हा आपणही थोडे घसरतो.

मुंबईत पाइपात संसार मांडणाऱ्या जोडप्यावरच्या त्यांच्या ‘शहर और सपना’ला (१९६३) राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. दहा वर्षांनी अब्बास पुन्हा राज कपूरसाठी लिहीत होते: धनिकाचा मुलगा, गोवेकर मच्छीमाराची मुलगी. चित्रपटाचं नाव ‘बॉबी’.