सूरश्री केसरबाई केरकर

गोमंतकातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंना आरंभी गुरू अनेक लाभले. अब्दुल करीमखाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले. परंतु कोणाचीच तालीम दीर्घकाळ चालली नाही. १९२१ साली त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि हा शोध थांबला. १९४६ मध्ये खाँसाहेब निवर्तले, तोवरची पंचवीस वर्षे त्यांनी त्या एकाच गायकीला वाहिली. हे सोपे नव्हे. स्वतःची घडलेली गळ्याची वळणे त्यासाठी पुसावी लागतात.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी भारतीय संगीतातून एकच ध्वनिमुद्रण निवडले गेले : केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. ध्वनिमुद्रिकांविषयी त्या स्वतः मात्र उदासीनच असत! दुसरे यान सप्टेंबरात झेपावले. त्याच महिन्यात बाई निवर्तल्या.