पुण्याचे आमदार एस. एम. जोशी

राजकारण हे भल्या माणसाचे काम नव्हे, असे आपण घरोघरी मुलांना सांगत असतो. मीही नागरिकशास्त्राच्या तासाला विधानसभेची मुदत आणि सभासदाची पात्रता फळ्यावर लिहून देतो व पुढच्या धड्याकडे वळतो. मागे एका विद्यार्थ्याने मला विचारले की, लोकप्रतिनिधीची कर्तव्ये पुस्तकात छापली आहेत, ती पाळणारा कोणी आपल्या पुण्यात होऊन गेला काय? त्याला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, घरची परिस्थिती ओढगस्तीची. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. असा तरुण नोकरी धरून सुखाने राहिला असता तर कोणी बोट ठेवले नसते. परंतु १९२९ साली पर्वतीचे देवालय अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, त्यात ते सामील झाले. स्वतः ब्राह्मण कुळातले असून त्यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करला. पुढे तुरुंगवास हा त्यांच्या आयुष्याचा भागच झाला.

१९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले, तेव्हाची हकीकत आपल्या मुलांना जरूर सांगा. त्यांनी दाढी राखली, मुसलमानी पेहराव केला आणि मुंबईत ते इमाम अली या नावाने वावरू लागले. १९४३ साली पकडले जाईपर्यंत हेच त्यांचे नाव होते. कपडे कोणालाही बदलता येतात. पण सलामाची रीत आणि बोलण्याची ढब सांभाळायची तर त्या समाजाविषयी मनात परकेपणा असून चालत नाही, असे मला वाटते.

१९५३ साली पुण्यातून ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. लवकरच भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य व्हावे ही मागणी दिल्लीने नाकारली. गोळीबार झाले, माणसे मेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि तिचे सरचिटणीसपद एसेम यांच्याकडे आले. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एकमेकांशी न पटणारी मंडळी त्यांना एका मांडवाखाली ठेवावयाची होती. याच चळवळीचा आवाज बनलेले शाहीर अमर शेख हे बार्शीचे, आपल्यातलेच, हे किती पालकांना ठाऊक असेल?

खरी परीक्षा निराळीच होती. मुंबईत गुजराती आणि मराठी माणसांत तेढ वाढली होती. अशा वेळी पुढाऱ्याला सोपे काय असते? लोकांचा राग शेजाऱ्याच्या दुकानाकडे वळवून द्यावा, टाळ्याही मिळतात आणि मतेही. एसेम यांनी ते केले नाही. भांडण सरकारच्या निर्णयाशी आहे, गुजराती बांधवांशी नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली. १९५७ च्या निवडणुकीत समितीला पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळाले आणि एसेम पुण्यातून पुन्हा विधानसभेवर गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले. समितीने काळ्या निशाणांची निदर्शने जाहीर केली. हजारो माणसे पसरणी घाटात आणि पोलादपूरकडे रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक दगड पडला असता तर काय अनर्थ झाला असता! दगड पडला नाही. लोकांना जमवणारे पुढारी पुष्कळ असतात. जमलेल्या लोकांना आवरणारा विरळा.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मंत्रिपद मात्र एसेम यांनी कधीच भूषविले नाही. १९६७ साली पुणेकरांनी त्यांना लोकसभेवर पाठवले, १९७७ नंतर ते जनता पक्षाचे महाराष्ट्रातील अध्यक्ष झाले; हा भाग मी थोडक्यात आटोपतो.

कारण मला त्यांचे थोरपण सत्तरी ओलांडल्यावरच्या एका प्रसंगात अधिक दिसते. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावरून दंगली उसळल्या, दलितांची घरे जाळली गेली. एसेम नामांतराच्या बाजूने उभे राहिले. ज्या मराठी माणसाच्या राज्यासाठी ते झटले, त्यांच्यातल्याच काहींनी त्यांना चपलांचा हार घातला. तरी त्यांनी आपले मत बदलले नाही.

शेवटची वर्षे कर्करोगाशी झगडण्यात गेली. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. नवी पेठेत एसेम यांच्या नावाचे सभागृह आहे; एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तेथे जाऊन या, आणि वाटेत त्यांना इमाम अलीची गोष्ट सांगा.