संत फ्रान्सिस झेवियर : बासिलिकेत पाहिलेले चरित्र



येत्या ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आहे. आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे त्या वेळी ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बाहेर असतात आणि सणाच्या मिस्साला बाके रिकामी दिसतात. म्हणून या संताविषयी आजच लिहीत आहे.

आपल्यापैकी काही जण माझ्याबरोबर जुन्या गोव्याला, बाँ जेझूच्या बासिलिकेत आले होते. रात्रभराच्या प्रवासाने सगळे थकलेले, आणि मनात एकच प्रश्न, संताचा देह कधी दिसणार? आपला गाइड मात्र इतिहासाचा जाणकार होता. त्याने आधी बाहेर थांबवून जांभ्याची दर्शनी भिंत दाखवली. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये चर्चचे पवित्रीकरण झाले. आत गेल्यावर, वेदीच्या उजवीकडे, त्याने विनंती केली की इतक्यात वर पाहू नका. चांदीची पेटी इतकी उंच आहे की खालून फारसे दिसतही नाही. तिच्या खालच्या चौथऱ्याकडे पाहा. टस्कनीच्या ड्यूकने भेट दिलेला हा चौथरा १६९८ मध्ये बसवला गेला. त्याच्या चार बाजूंना ब्राँझची चार चित्रे आहेत : प्रवचन, बाप्तिस्मा, जीव वाचवण्यासाठी पलायन आणि मरण. गर्दीतले बहुतेक लोक ती न पाहताच पुढे सरकतात.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारा प्रांतातील झेवियरच्या गढीत झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि पुढे गढीचा बराच भागही पाडला गेला. १५२५ मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले, तत्त्वज्ञान शिकले आणि शिकवूही लागले. (तत्त्वज्ञान मीही शिकलो. त्या विषयाने माणसाला स्वतःच्या हुशारीचे फार कौतुक वाटू लागते, हे अनुभवाने सांगतो.) तिथे खोलीत सोबती म्हणून संत इग्नेशियस आले. फ्रान्सिस बरीच वर्षे त्यांना दाद देत नव्हते. शेवटी १५३४ मध्ये सात मित्रांनी मिळून व्रते घेतली आणि त्यातूनच येशूसंघ उभा राहिला.

भारतात खरे तर दुसरेच जाणार होते. ते आजारी पडले म्हणून फ्रान्सिस यांचे नाव पुढे आले. आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. रस्त्यात घंटा वाजवत ते मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. पुढे ते तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर लोकांत गेले. या लोकांना आधीच बाप्तिस्मा मिळाला होता, पण शिकवायला कोणी नव्हते. भाषा येत नव्हती म्हणून प्रार्थना भाषांतर करून घेऊन त्यांनी त्या पाठ केल्या. त्या गरिबांना पोर्तुगीज अधिकारी लुबाडतात, अशी तक्रारही त्यांनी थेट राजाकडे केली.

चार चित्रांत नसलेली एक गोष्ट गाइडने सांगितली आणि मीही ती झाकणार नाही. १५४६ मध्ये याच संतांनी गोव्यात इन्क्विझिशन आणावे, असे राजाला लिहिले. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सुरू झाले आणि त्याने अनेकांना छळले. त्या काळी तसेच चालत असे, हे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. संतपद मिळाले म्हणून त्यांचे प्रत्येक पाऊल बरोबर ठरत नाही.

मलाक्का, मोलुक्का बेटे, १५४९ मध्ये जपान, असा प्रवास चालूच राहिला. जपानमध्ये त्यांच्या ध्यानात आले की इथले लोक चीनकडे गुरू म्हणून पाहतात. म्हणून चीनला जायचे ठरले. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने वाट अडवली. तरीही ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटापर्यंत पोहोचले. एका व्यापाऱ्याने चोरून पलीकडे नेण्याचे कबूल केले होते, पण तो आलाच नाही. थंडी, ताप आणि गवताची झोपडी. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे ते गेले. वय ४६. शेजारी अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता, बाकी कोणी धर्मगुरू नाही, शेवटचा मिस्सा नाही. चौथ्या चित्रापाशी आपली सगळी मंडळी गप्प झाली, ते मला आठवते. परमुलखात, पाचटाच्या कोपीत आजारी पडणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

हाडे लवकर मोकळी व्हावीत म्हणून शवपेटीत चुना घातला होता, पण काही आठवड्यांनी उघडले तेव्हा देह टिकलेला होता. १५५४ मध्ये तो गोव्यात आला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला नेण्यात आला. देह आता सुकलेला आहे आणि आपले चर्चही त्याला पवित्र अवशेष असेच म्हणते. साधारण दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणतात. मागचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले.

१२ मार्च १६२२ रोजी पोपमहोदयांनी त्यांना संत घोषित केले. त्याच दिवशी आणखी चौघांना तो मान मिळाला. त्यांत माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा एक मजूर होता, संत इसिदोर. त्यांचा सण १५ मे रोजी असतो. टोळ्या तोपर्यंत गावी परतलेल्या असतात. त्यांच्याविषयी तेव्हा लिहीन.

आपला,
फादर