काट्यांशी वैर धरलेला माळी

निवडुंगाला काटेच नसावेत, हे वेड एखाद्या कवीला शोभलं असतं. ते लागलं ल्यूथर बरबँक या अमेरिकन माळ्याला. १८४९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा मुलगा, शाळा बेताचीच. पण डार्विन वाचला आणि झपाटला. बटाट्याच्या एका बोंडातल्या तेवीस बिया पेरून त्याने नवा बटाटा काढला, त्याचे हक्क दीडशे डॉलरला विकले आणि १८७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाला बिऱ्हाड हलवलं. पुढे शास्ता डेझीच्या पांढऱ्याशुभ्र फुलासाठी त्याने सतरा वर्षं घालवली.

निवडुंगाने मात्र त्याला रडवलं. आपल्या बांधावरच्या फड्या निवडुंगाचीच ही जात. तीही मूळची अमेरिकेचीच. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घालायचे, बी पेरायचं, हजारो रोपांतून चार-दोन ठेवायची आणि बाकीची जाळायची. बारीक कुसळं कातडीत अशी रुतत, की ती वस्तऱ्याने तासावी लागत. एवढं करून बिनकाट्याच्या झाडाचं बी पेरलं, तर काटे पुन्हा हजर! म्हणून पसंत झाड फडा लावूनच वाढवायचं. तो झाडांना अभय देई, काट्यांची गरज नाही म्हणून समजावी, असं परमहंस योगानंदांनी लिहिलं आहे. १९४६ साली निघालेलं आपलं आत्मचरित्र त्यांनी बरबँकच्याच स्मृतीला अर्पण केलं.

१९०७ मध्ये बिनकाट्यांचा निवडुंग बाजारात आला. वाळवंटात गुरांना फुकटचा चारा, या आशेवर लोक तुटून पडले. उभा जन्म कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण मला पुढचा भाग अधिक चटका लावतो. १९१२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. मागणी पुरी होईना, तेव्हा साध्याच निवडुंगाचे काटे काढून तो गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारला गेला. १९१६ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. माल कंपनीचा, पण बोल लागला बरबँकला. नोंदी ठेवण्यात तो आधीच गबाळा; शास्त्रज्ञ म्हणून मान द्यायला विद्वान कचरत होतेच.

शिवाय खऱ्या बिनकाट्याच्या निवडुंगालाही पाणी लागे, कुंपणही लागे. काटे गेल्यावर राखण कोण करणार? जनावरं तो मुळापर्यंत खात.

१९२६ च्या एप्रिलमध्ये बरबँक गेला. सांता रोझाच्या बागेतच, त्याच्या लाडक्या देवदाराखाली त्याला पुरलं. त्या बागेत बिनकाट्यांचे निवडुंग अजून आहेत.