रुग्णांची नोंद ठेवली, सेवा करणाऱ्यांची कोण ठेवणार?

सावित्रीबाई फुले म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भिडेवाडा, १८४८ ची मुलींची शाळा, अंगावर शेण-चिखल झेलत वर्गात जाणारी शिक्षिका. ३ जानेवारीला कॉलेजमध्ये आपण हेच ऐकतो आणि भाषण तिथेच संपतं. पण त्या गेल्या कशाने, हे जरा तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा. कितीजण पटकन सांगतील? त्या गेल्या प्लेगने, रुग्णांची सेवा करता करता. म्हणून आज शाळा थोडी बाजूला ठेवू आणि पेशंट सांभाळणाऱ्या सावित्रीबाईंना भेटू. नर्सिंग, फार्मसी किंवा मेडिकलला असाल तर तुम्ही नक्कीच वाचा.

पिशवीतली दुसरी साडी

जन्म १८३१, गाव नायगाव, आजचा सातारा जिल्हा. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झालं, त्यांच्याकडूनच त्या शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. शाळेत जाताना लोक घाण फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवायच्या, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. फक्त ती आजच्या भाषेत वाचून बघा. काम करणारीवर कामाच्या वाटेवर रोज हल्ला होतोय आणि त्यावरचा उपाय तिने स्वतःच, स्वतःच्या पिशवीत न्यायचा! संरक्षण द्यायची जबाबदारी कुणाचीच नाही. ही तऱ्हा पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे लागली.

३५ बाळंतपणं, ३० मृत्यू

१८६३ मध्ये फुले दाम्पत्याने पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळात ब्राह्मण विधवांना पुनर्विवाह करता यायचा नाही. फसवणुकीतून किंवा जबरदस्तीतून दिवस गेले, की जीव देणं किंवा मूल मारणं एवढेच रस्ते उरायचे. अशा बाईने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, नाव बाहेर फुटणार नाही, अशी ही सोय होती. बाळंतिणीचं आणि बाळाचं बघायच्या सावित्रीबाई.

आता खरी नोंद घ्यायची गोष्ट. १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांना उत्तर देताना जोतिरावांनी या गृहाचा हिशेब मांडला. तोपर्यंत ३५ विधवा इथे बाळंत झाल्या होत्या. मुलं जगली फक्त ५. बाकीची ३० गेली आणि त्याचं कारणही त्यांनी लिहिलं: गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच झालेली इजा.

विचार करा, आपल्या संस्थेचं कौतुक करायची संधी असताना ३५ पैकी ३० हा आकडा कोण छापेल? पण तो लिहिला म्हणूनच दुखणं कुठे आहे ते कळतं. बाई इथे पोचायच्या आधीच उशीर झालेला असायचा. आज हॉस्पिटलमध्ये क्वालिटी इंडिकेटर म्हणतात ते काय वेगळं असतं? किती आले, किती वाचले, का गेले, हे न लपवता लिहायचं.

याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

ओतूरहून लिहिलेलं पत्र

निरगुडसरहून मंचरला या, हायवे धरून नारायणगाव, आळेफाटा करत ओतूरला जा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पोरांना हा रस्ता पाठ आहे. याच ओतूरहून सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ ला जोतिरावांना पत्र लिहिलं. १८७६ च्या दुष्काळात त्या या भागात मदतीला आल्या होत्या. पत्रात माणसांची उपासमार आहे, जनावरांचे हाल आहेत आणि सावकारांची वागणूकही आहे. मदत करणाऱ्या सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच पकडलं गेलं, तेव्हा त्या कलेक्टरशी बोलल्या आणि मग ती माणसं सुटली. संकटात मदत करणाराच अडचणीत येतो, हे त्यांनी आपल्याच तालुक्यात पाहिलं होतं.

१८९७ : प्लेगचं पुणं

१८९० मध्ये जोतिराव गेले. सत्यशोधक समाजाचं काम सावित्रीबाईंनी पुढे चालवलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ उजाडेपर्यंत पुण्यात पोचला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्यात अंमलबजावणी करणाऱ्यांसाठी संरक्षण होतं, पण कोर्टकचेरीपासून! सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दावा लावता येणार नव्हता. रोग्याजवळ बसणाऱ्याचं काय, हे त्यात कुठेच नव्हतं. पुढे गोरे सैनिक घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले, तसे लोक घाबरून आजारी माणसं लपवायला लागले.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावापासून लांब मोकळ्या जागेत दवाखाना सुरू झाला. साठी ओलांडलेली ही बाई रुग्णांना तिथे आणत होती. मुंढव्याच्या महार वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, असं सांगतात. यात त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली होती. पण उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने शोधलं १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यावर. कशापासून जपायचं हेच माहीत नसताना त्या काम करत होत्या. दहा वर्षांच्या आत यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

आणि आपण?

त्यांच्या त्यागाला हात जोडणं सोपं आहे. पण आज एखादी नर्स अशी गेली, तर नुसतं हात जोडून चालेल का? आज आपल्याला कारणं माहीत आहेत. ग्लोव्हज, मास्क, हिपॅटायटिस बी ची लस, वापरलेल्या सुयांसाठी वेगळा डबा, सगळं आहे. महाराष्ट्रात डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे. १८९७ च्या त्याच साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना मारहाणीपासून संरक्षण आलं २०२० मध्ये, कोरोनात. मध्ये १२३ वर्षं गेली!

म्हणून हॉस्पिटल चांगलं की वाईट हे ठरवताना दोन रकाने बघा. एकात पेशंट: किती बरे झाले, किती जणांना हॉस्पिटलमध्येच नवं इन्फेक्शन झालं. दुसऱ्यात स्टाफ: किती जणांना सुई टोचली, किती जण ड्युटीवर आजारी पडले, किती जणांवर हात उचलला गेला. दुसरा रकाना कोरा असेल तर सगळं ठीक आहे असं समजू नका. कदाचित कुणी सांगितलंच नसेल. आणि दमलेली, घाबरलेली सिस्टर पेशंटकडे तरी नीट कशी बघणार?

ट्रेनिंगला असाल आणि सुई टोचली, तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, लगेच सांगा, नोंद करायला लावा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आणि नातेवाईक म्हणून वॉर्डात उभे असाल, कुणाचा तरी आवाज चढत असेल, तर मोबाइल काढून शूट करण्याआधी त्याला बाजूला घ्या. सिस्टरची तेवढी सुरक्षितता तर तुमच्या-माझ्या हातात आहे.