सुई, रेशीम आणि भूमिती

जॉर्ज एव्हरेस्टसाहेब १८१८ साली आपल्या हैदराबादेस येऊन लॅम्ब्टन यांच्या हाताखाली त्रिकोणमितीय मोजणीच्या कामास लागले, आणि १८६५ साली जगातील सर्वांत उंच शिखराला त्यांचे नाव मिळाले. हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांची पुतणी मेरी मात्र फारशी कोणास ठाऊक नाही. तिचे भांडवल म्हणजे पुठ्ठ्याचे पत्ते, सुई आणि रेशमाचा दोरा. एवढ्यावर तिने मुलींसाठी एक खेळ रचला, आणि तो खेळ भूमितीचा होता.

मेरीचा जन्म १८३२ सालचा, इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यातला. वडील धर्मोपदेशक होते. त्यांची प्रकृती ढासळली तेव्हा होमिओपथीचे जनक हानेमान यांचे औषध घेण्यासाठी सारे कुटुंब फ्रान्सात जाऊन राहिले. तेथे मेरीला देप्लास नावाचे शिक्षक लाभले. ते उत्तर म्हणून कधी सांगत नसत. लहान लहान प्रश्न विचारीत, प्रत्येकाचे उत्तर तिच्याकडून लिहवून घेत, आणि ती उत्तरे ओळीने वाचली की सिद्धान्त तिचा तिलाच दिसे. अकराव्या वर्षी मायदेशी परतल्यावर शाळा सुटली आणि वडिलांच्या कामात मदत करणे नशिबी आले. पुढचे गणित तिने घरच्या पुस्तकांतून एकटीने शिकून घेतले.

त्या काळी तिकडील दुकानांत सुया-टाचण्या ठेवण्याच्या वस्तू करण्यासाठी पुठ्ठ्याचे जोडपत्ते मिळत. कडेने भोके असत. मधल्या कोऱ्या जागेवर मुलींनी चित्र रंगवायचे. मेरीला रंगकाम येत नव्हते, म्हणून तिने भोकांतून रेशीम ओवून पत्ता सजविण्यास आरंभ केला. प्रथम समोरासमोरच्या भोकांतून दोरे नेले. ते सारे मध्यावर एकमेकांना छेदून गेले. त्याचा कंटाळा आला तेव्हा तिने दोरा नेमक्या समोरच्या भोकात न घालता त्याच्या शेजारच्या भोकात घातला, आणि मध्ये एक मोकळी जागा राहिली. त्या जागेची कड रेखीव वाटोळी! दोरा एकही वाकडा नाही, आणि तरी वक्ररेषा. भोकांचे अंतर बदलले की वक्राचा आकारही बदले.

वाचक भगिनींनी हे घरी जरूर करून पाहावे. पुठ्ठ्यावर काटकोनात दोन रेघा ओढून प्रत्येकीवर सारख्या अंतराने दहा भोके पाडावीत, आणि कोपऱ्यापासून आकडे घालावेत. एका रेघेवरचे पहिले भोक दुसरीवरच्या दहाव्याशी, दुसरे नवव्याशी, तिसरे आठव्याशी असे दोऱ्याने जोडीत जावे. जी वक्ररेषा उमटते ती अन्वस्त. फेकलेला चेंडू साधारण याच वाटेने जातो. ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या मुलींचा हात यात लगेच बसेल.

१८५५ साली मेरीचा विवाह कॉर्क येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज बूल यांच्याशी झाला. आजची गणकयंत्रे ज्या तर्कगणितावर चालतात ते यांचेच. १८६४ साली पावसात भिजून तशाच ओल्या कपड्यांनी त्यांनी वर्गात व्याख्यान दिले, त्याचा न्यूमोनिया झाला आणि ते गेले. मागे पाच मुली, धाकटी सहा-सात महिन्यांची.

मेरीबाई लंडनला आल्या. मुलींच्या क्वीन्स कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती ग्रंथपालाची. प्राध्यापक सारे पुरुष. पण विद्यार्थिनी रविवारी संध्याकाळी त्यांच्याभोवती जमत आणि खरे शिकणे तेथे चाले. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या त्या १८७८ साली, हे येथे ध्यानात ठेवावे.

त्यांचे विचार १९०४ सालच्या मुलांना विज्ञानासाठी तयार करण्यावरील पुस्तकात आले आहेत. मुलाला आधी नाव सांगू नये, हेतूही सांगू नये. हाताला करू द्यावे, डोळ्याला पाहू द्यावे, नाव मागाहून. आम्ही गाणे शिकविणारे रागाचे लक्षण सांगण्यापूर्वी पलटे घोटवून घेतो, त्यातलाच हा प्रकार. ईडिथ सॉमरव्हेलबाईंनी १९०६ साली याच पत्त्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या नावातच गणिताकडे लयीच्या वाटेने जाण्याची गोष्ट आहे. मेरीबाईंचे स्वतःचे लेखन मात्र पाल्हाळिक. मध्येच गूढवादात शिरते आणि वाचणाऱ्याचा धीर पाहते.

मुलींचे काय झाले? लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि १८९४ साली तेथील रसायनसंस्थेची पहिली स्त्री फेलो. एथेल बर्लिनला संगीत शिकली, पुढे कादंबरीकार म्हणून गाजली. हे सारे पत्त्यांमुळे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. अलिशियाची बालपणाची बरीच वर्षे तर आईपासून दूर, आजोळच्या माणसांत गेली. ती घरी आल्यावर चार्ल्स हिंटन या गणितप्रेमी गृहस्थांनी लाकडी ठोकळ्यांचा खेळ आणला. प्रत्येक ठोकळ्याला लॅटिन नाव, ती पाठ करून ठोकळे रचायचे. एथेलला तो खेळ अगदी रटाळ वाटला. अठरा वर्षांच्या अलिशियाला मात्र त्यातून चौथी मिती दिसू लागली. युक्लिडच्या पहिल्या दोन पुस्तकांपलीकडे गणिताचे शिक्षण नाही, आणि तरी चार मितींतील सहा नियमित आकृत्या तिने आपल्या बळावर शोधल्या. त्या श्लेफ्ली यांनी आधीच शोधल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हते. त्यांचे छेद तिने पुठ्ठ्याचे करून ठेवले. हॉलंडातील ग्रोनिंगेन विद्यापीठाने १९१४ साली तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली. मेरीबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९१६ च्या मे महिन्यात त्या वारल्या.