आजारी मुलांचे हकीम : अल्-राझी

इस्लामी जगतातील थोर वैद्यांमध्ये अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया अल्-राझी यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचा जन्म इ. स. ८६५ च्या सुमारास इराणमधील रय शहरी झाला. आजच्या तेहरानलगतचे हे गाव. तरुणपणी त्यांना संगीताची आवड होती आणि वैद्यकाकडे ते उशिरा वळले, असे चरित्रकार सांगतात. तरीही पुढे ते प्रथम रयच्या व नंतर बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्या काळी देवी आणि गोवर यांनी घरोघरची मुले दगावत. जी वाचत, त्यांच्यापैकी कित्येकांची दृष्टी जाई. दोन्ही रोगांत ताप येतो, अंगावर पुरळ उठते. त्यामुळे मुलाला नेमके काय झाले हेच आईबापांना कळत नसे. राझींनी या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांतील फरक स्पष्ट केला. पाठदुखी अधिक असेल तर देवीची शंका घ्यावी; मळमळ, तगमग व अस्वस्थता अधिक असेल तर गोवराची, असे त्यांचे निरीक्षण होते. देवीची लक्षणे दिसताच मुलाच्या डोळ्यांची काळजी घ्यावी, त्यांत गुलाबपाण्याचे थेंब घालावेत, असेही त्यांनी सांगितले. फळांचा रस आंबतो तसे बालवयात रक्त आंबते व देवी येतात, हा त्यांचा तर्क आज टिकत नाही. देवीचे कारण विषाणू होते. परंतु मुलाचे दुखणे शरीरातील कारणांनी येते, ते पाहून-तपासून समजून घेता येते, ही त्यांची दृष्टी मोलाची ठरली.

बालरोगांवरही त्यांच्या नावे एक छोटे पुस्तक आहे. फेफरे, निद्रानाश, कानदुखी, दात येणे, उलट्या, मूतखडा अशा मुलांच्या तक्रारी त्यात आहेत. याचे मूळ अरबी हरवले, पण लॅटिन भाषांतर युरोपात वाचले गेले. ज्यांच्याजवळ हकीम पोहोचू शकत नाही अशा सामान्य माणसांसाठी त्यांनी घरगुती उपचारांचे वेगळे पुस्तक लिहिले. ते गरिबांशी दयाळूपणे वागत व त्यांना सढळ हाताने मदत करीत. रोगी बरा होईल याची स्वतःला खात्री नसली तरी हकिमाने त्याची उमेद खचू देऊ नये, कारण मनाचा परिणाम शरीरावर होतो, असे त्यांचे मत होते.

उतारवयात त्यांची दृष्टी गेली. इ. स. ९२५ च्या सुमारास रय येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या टिपणांतून पुढे 'अल्-हावी' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला.

देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. गोवर मात्र अजून आहे आणि त्यावर लस आहे. पालकांनी ती वेळेवर द्यावी. ज्या घरात मूल दीर्घ आजारी असते तेथे औषधाइतकीच माणसांची गरज असते. आईबाप रात्री जागतात, रोजगार बुडतो, भावंडे एकाकी पडतात. आजाऱ्याची विचारपूस करणे ही आपल्या दीनाची शिकवण आहे. विद्यार्थ्यांनी आजारी वर्गमित्राला वह्या पोहोचवाव्यात, शेजाऱ्यांनी डबा न्यावा, इस्पितळात सोबत बसावे. तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर किंवा परिचारिका झाल्यास ज्ञान आणि दया या दोहोंची जोड राझींकडून घ्यावी.